चार पानांचा शोधनिबंध आणि परभणीची भेंडी

दहावीची मुलं मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहितात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशा तीन अंगांनी कविता उलगडायची त्यांना सवय झालेली असते. शोधनिबंध मात्र त्यांच्या हातात कुणी वाचायला देत नाही. आणि तरीही प्रकल्प करा, अहवाल लिहा, संशोधन करा, असं शाळा त्यांना दरवर्षी सांगते. कविता ऐकली नाही त्याला कविता लिहिता येत नाही. जो प्रकार मुलांनी एकदाही चवीने वाचलेला नाही तो त्यांनी लिहायचा तरी कसा? मग बाजारात तयार मिळणारे प्रकल्प विकत घेतले जातात, नाहीतर चार ठिकाणचा मजकूर उतरवून वही भरली जाते. यात मुलांचा दोष नाही. चांगला शोधनिबंध सुंदर असतो, हेच त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

म्हणून परभणी जिल्ह्यातल्या हायस्कूलच्या मुलांसमोर त्यांच्याच जिल्ह्यात जन्मलेला एक शोधनिबंध ठेवतो. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांचा हा निबंध १९८१ मध्ये ‘थिअरॉटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या ६०व्या खंडात छापून आला. पानं ३१३ ते ३१६, म्हणजे अवघी चार. काम झालं परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात. आज त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं होत होती. निबंधाचा विषय भेंडी, आणि भेंडीवर पडणारा केवडा.

केवडा पडलेलं पान मुलांनी पाहिलेलं असतं, पण निरखलेलं नसतं. एक पान तोडून उजेडापुढे धरावं. रोग आधी शिरांत दिसतो. मधली जाड शीर पिवळी पडते, मग तिला फुटलेल्या बारीक शिरा, आणि शिरांमधली जागा मात्र हिरवीच राहते. त्यामुळे हिरव्या पानावर पिवळं जाळं विणल्यासारखं दिसतं. रोग वाढला की हिरवा भाग आक्रसत जातो आणि पान सगळंच पिवळं होतं. मग फळंही पिवळट, बारकी आणि राठ येऊ लागतात. अशी भेंडी बाजारात कुणी हातात धरत नाही. काही भागांत शेतकरी याला हळद्या म्हणतात. रोगाचं मूळ विषाणूत आहे आणि त्याची ने-आण पांढरी माशी करते. रोगट पानाचा रस शोषलेली माशी निरोगी पानावर बसली की रोग तिथे पोचतो. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. माशी आवरायची, रोगट झाडं उपटायची, नाहीतर मुळात रोगाला दाद न देणारं वाण शोधायचं, एवढेच मार्ग उरतात.

निबंधाची पहिली गोडी त्याच्या शीर्षकात आहे. मराठीत सांगायचं तर ते असं होईल: भेंडीच्या आंतरजातीय संकरांमध्ये पीत-शिरा मोझॅक रोगाच्या प्रतिकारशक्तीची आनुवंशिकता. ऐकायला कोरडं वाटतं, पण जरा सोडवून पाहा. काय शोधलं? प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत कशी उतरते ते. कुठल्या रोगाची? एकाच, नाव घेऊन सांगितलेल्या रोगाची, म्हणजे आपल्या केवड्याची. कशात? आंतरजातीय संकरांत, म्हणजे लागवडीच्या भेंडीचा तिच्या रानटी भाऊबंदांशी घडवलेल्या संकरांत. एकही शब्द काढता येत नाही आणि एकही वाढवावासा वाटत नाही. आपल्या प्रकल्पांची शीर्षकं ‘पर्यावरण आणि आपण’ किंवा ‘शेतीचं महत्त्व’ अशी असतात. अशा शीर्षकाखाली काहीही लिहिता येतं, म्हणून काहीच सिद्ध करता येत नाही. लेखकाने स्वतःला कुठवर बांधून घेतलं आहे, हे चांगल्या शीर्षकावरून कळतं.

आता आशय. केवडा काही परभणीत शोधला गेलेला नाही. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या भेंडीवर तो पडतो अशी नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात केली होती. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या रोगाविषयी लिहिलं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पुसा सावनी’ हे वाण काढलं. सुरुवातीला ते केवड्यापुढे टिकलं, देशभर पसरलं आणि नंतर बळी पडू लागलं. जांभळे-नेरकरांचा प्रश्न या जागी उभा राहतो. लागवडीच्या भेंडीत ताकद उरलेली नसेल, तर ती रानटी भेंडीतून आणता येईल का, आणि आणली तर पुढच्या पिढ्यांत ती कुठल्या हिशेबाने उतरेल? आधीच्या माणसांनी कुठवर आणून सोडलं आणि आपण कुठून उचललं, हे सांगणं म्हणजे प्रस्तावना. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या प्रस्तावनेत नेमका हाच दुवा नसतो.

पद्धतीकडे येऊ. इथे शोधनिबंध सर्वांत रूक्ष भासतो आणि इथेच हातांचं काम सर्वांत जास्त असतं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की कोमेजतं. संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी ओळखून, तिच्यातले पुंकेसर नाजूक हाताने काढून टाकायचे आणि कळीला पिशवी बांधायची, म्हणजे कीटकांनी भलतेच परागकण आणू नयेत. दुसऱ्या सकाळी हव्या त्या झाडाचे परागकण आणून कुक्षीवर लावायचे, पुन्हा पिशवी बांधायची आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवायची. असं एकेका फुलाचं करायचं, आणि पिढ्यान् पिढ्या करत राहायचं. निबंधात यातलं बहुतेक सगळं ‘संकर केला’ या दोन शब्दांत मावतं. वाचणाऱ्याने त्या दोन शब्दांमागच्या संध्याकाळी आणि सकाळी ओळखायच्या असतात. लिहिणाऱ्याचं कर्तव्य एवढंच, की दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग पुन्हा करायचा झाला तर काय कशाशी जोडलं हे त्याला नेमकं कळावं. परभणीच्या निबंधात एका बाजूला रोगाला बळी पडणारी पुसा सावनी आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’ गटातल्या दोन रानटी, रोगाला दाद न देणाऱ्या भेंड्या आहेत. दोघींशी वेगवेगळा संकर केला. एकीवरून दुसरीबद्दल अंदाज बांधला नाही.

मग येतो निबंधातला माझ्या सर्वांत आवडीचा भाग. संकरातून जी पहिली पिढी उभी राहिली ती रोगाला दाद देईना. हवं होतं तेच झालं. पण त्याच दमात लेखक सांगतात, की ही झाडं अंशतःच फलनक्षम होती, म्हणजे त्यांना बी पुरेसं धरत नव्हतं. नवं वाण काढायला निघालेल्या माणसाला ही अडचणीची बातमी. ती लपवावी, निदान तळटीपेत ढकलावी, असा मोह कुणालाही होईल. इथे ती यशाच्या शेजारी, त्याच सुरात आली आहे. शोधनिबंधातला प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. गैरसोयीची गोष्टही सोयीच्या गोष्टीइतक्याच ठळकपणे लिहायची. मुलांच्या प्रकल्पात न उगवलेलं बी, मेलेलं झाड, चुकलेला आठवडा हे सगळं पक्क्या वहीत उतरवताना गळून जातं. ते गळलं की निबंधाचा जीवही जातो.

निबंधाचा गाभा आकड्यांत आहे आणि त्याची किल्ली नववीच्या मुलांच्या हातात आहे. विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या धड्यात मेंडेलचे वाटाणे असतात, आणि ३ : १ हे गुणोत्तर मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. तेच इथे जिवंत होतं. समजा, प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. मग पहिल्या पिढीतली झाडं आपापसांत वाढवली तर दुसऱ्या पिढीत चारांतली साधारण तीन निरोगी आणि एक रोगट निघायला हवं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या पिढीचा पुन्हा पुसा सावनीशी संकर, म्हणजे प्रतीपसंकर, केला, तर निम्मी झाडं निरोगी आणि निम्मी रोगट व्हायला हवीत. पुढेही जाता येतं. दुसऱ्या पिढीतल्या निरोगी झाडांपैकी साधारण एकतृतीयांशांची संतती सगळीच निरोगी निघेल आणि उरलेल्या दोनतृतीयांशांच्या संततीत पुन्हा रोगट झाडं डोकं वर काढतील. एकाच तर्काची अशी निरनिराळी परीक्षा. जांभळे-नेरकरांनी दुसरी पिढी, प्रतीपसंकराची पिढी आणि त्यानंतरच्याही पिढ्या तपासल्या, त्या दोन्ही संकरांत तपासल्या, आणि मगच लिहिलं की या दोन्ही रानटी भेंड्यांत केवड्याची प्रतिकारशक्ती प्रत्येकी एकाच प्रभावी जनुकाच्या ताब्यात आहे. निष्कर्ष एका वाक्याचा. त्या वाक्याखाली किती ओळींची किती झाडं उभी आहेत हे लक्षात आलं, की ते वाक्य वाचताना माणूस थांबतो.

आकडे कसे लिहावेत हे मेंडेलकडून शिकावं. त्याने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांची दुसऱ्या पिढीतली मोजणी दिली आहे: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. भागाकार केला तर २.९६ येतात. तीन नाहीत. त्याने ओढूनताणून तीन केले नाहीत. आधी मोजलेले दाणे सांगितले, मग गुणोत्तर काढलं, आणि मग त्याचा अर्थ लावला. मोजणी, हिशेब आणि अर्थ या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की वाचणाऱ्याला हवं तिथे लेखकाशी वाद घालता येतो. वाद घालायला जागा ठेवणं हा शोधनिबंधाचा मोठा गुण आहे, आणि भाषणात, निबंधस्पर्धेत किंवा जाहिरातीत ही जागा नसते.

भाषिक वैशिष्ट्यांचं काय? विशेषणं जवळजवळ नाहीत. ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’, ‘क्रांतिकारी’, ‘शेतकऱ्यांसाठी वरदान’ असले शब्द लेखकांना सहज वापरता आले असते, कारण हातात लागलेली गोष्ट खरोखरच मोठी होती. निष्कर्ष मात्र जेवढं तपासलं तेवढ्यावरच थांबतो. हा रोग, या दोन रानटी भेंड्या, हे संकर. ही प्रतिकारशक्ती सगळीकडे आणि कायमची राहील, असं निबंध म्हणत नाही. या संयमाची किंमत पुढे कळते. त्याच कामातून ‘परभणी क्रांती’ हे वाण निघालं, आणि त्याच दोघांनी १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात दोन पानांची नोंद लिहून ते जगापुढे ठेवलं. देशात दूरदूरच्या शिवारांत ही गर्द हिरवी, लुसलुशीत भेंडी गेली. आजही तिचं बी बाजारात मिळतं. पुढच्या काळात काही ठिकाणी तीही केवड्याला बळी पडू लागली, कारण विषाणूही बदलत असतो. वाणाची ताकद ओसरली म्हणून १९८१ चा निबंध खोटा ठरला नाही. त्याने जे मोजलं होतं ते मोजलेलंच आहे.

निबंधाची एक मर्यादा मला जाणवते. ती इंग्रजीची आहे. परभणीच्या काळ्या मातीत उगवलेलं हे ज्ञान पाथरीच्या, सेलूच्या किंवा पालमच्या मुलाला त्याच्या भाषेत कुणी नीट सांगितलेलं नाही. शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात इंग्रजीत लिहिलं हे योग्यच. ते मुलांपर्यंत मराठीत आणणं हे आमचं, म्हणजे लिहिणाऱ्यांचं आणि शिकवणाऱ्यांचं काम होतं.

मुलांना हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या २५ मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केला. वय ८ ते १० वर्षं. रंगीत दिव्यांच्या मांडणीत गोड पाणी कुठे आणि खारट पाणी कुठे, हे भुंगे रंग आणि जागा यांचा मेळ घालून शिकतात का, हा प्रश्न मुलांचा. बो लोटो हे मेंदूशास्त्रज्ञ आणि शाळेचे मुख्याध्यापक सोबतीला होते. डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ने तो निबंध छापला. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या, भाषा मुलांची होती आणि संदर्भसूची नव्हती. मागचं शास्त्रीय साहित्य त्या वयाच्या मुलांना वाचता येण्यासारखं नव्हतं, म्हणून दोन शास्त्रज्ञांनी सोबत टिपण लिहून ती बाजू सांभाळली. निबंध छापला गेला तो मुलांचं कौतुक म्हणून नाही. प्रश्न नवा होता आणि प्रयोग नेटका होता, म्हणून. आपल्याकडेही १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांना गावातला प्रश्न घेऊन, रोजनिशी ठेवून प्रकल्प करायला शिकवलं आहे. वाट नवी नाही.

मग परभणीच्या नववीच्या मुलाने किंवा मुलीने काय लिहावं? १९८१ चा निबंध जिथे थांबतो तिथून पुढचा प्रश्न समोरच उभा आहे: आमच्या गावच्या शिवारात परभणी क्रांती आज केवड्याला किती तोंड देते? त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जून-जुलैत शाळेच्या आवारात किंवा कुणाच्या वावराच्या कडेला परभणी क्रांती आणि पुसा सावनी यांच्या चार-चार ओळी एकाच दिवशी लावाव्यात. कुठली ओळ कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, नाहीतर चांगली जमीन नकळत आवडत्या वाणाच्या वाट्याला जाते. खत आणि पाणी दोघींना सारखं. फवारणी करायची नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि ठरलेल्या वारी झाडापुढे उभं राहून निरोगी, थोडा रोग, जास्त रोग, एवढंच लिहावं. ओळींमध्ये पिवळे चिकट सापळे लावून त्यांवरच्या पांढऱ्या माश्या मोजाव्यात. पुसा सावनी का लावायची, हे मुलांना आधी समजावून सांगायला हवं. त्या वर्षी माशीच आली नाही तर परभणी क्रांती निरोगी राहील, पण त्यावरून तिची ताकद कळणार नाही. बळी पडणारी शेजारीण पिवळी पडली, तरच टिकणाऱ्या झाडाच्या टिकण्याला अर्थ येतो. पुसा सावनीचं बी मिळालं नाही, तर गावात हमखास केवडा पडणारं दुसरं वाण घ्यावं आणि निबंधात तसं लिहावं.

लिहायला बसताना शीर्षकापासून सुरुवात करू नये. आधी तक्ता करावा. ‘१५ टक्के रोगट’ असं नुसतं न लिहिता ‘६० पैकी ९ झाडं’ असं लिहावं, म्हणजे वाचणारा हिशेब स्वतः करून पाहील. मग पद्धती लिहावी, कारण ती हातांनी केलेली असते आणि आठवणीत ताजी असते. त्यानंतर तक्त्यात काय दिसतं ते सांगावं, आणि त्याचा अर्थ काय असावा ते वेगळ्या परिच्छेदात. आपला अंदाज चुकला असेल तर तोही तिथेच लिहावा. प्रस्तावना शेवटाकडे घ्यावी, आधी कुणी काय केलं ते वाचून. कृषी विद्यापीठ जिल्ह्याच्या गावीच आहे. तिथल्या माणसांना जाऊन विचारता येतं. ज्या शेतकऱ्याने त्याच्या भेंडीची माहिती दिली त्याला विचारून त्याचे आभार मानावेत. सारांश सर्वांत शेवटी, चार-पाच वाक्यांत: कशावर काम केलं, कसं केलं, काय मिळालं, त्याचा अर्थ काय. जांभळे-नेरकरांचा सारांश नेमका याच क्रमाने चालतो आणि तेवढ्याच जागेत संपतो. शिक्षकांनी भाषा दुरुस्त करावी, पण आकड्यांना आणि निष्कर्षाला हात लावू नये.

असा निबंध मराठीत लिहिला जावा, आणि त्याच्या संदर्भसूचीत पहिली नोंद १९८१ च्या त्या चार पानांची असावी. परभणी क्रांती अजून टिकते, असं उत्तर येवो की आता टिकत नाही, असं येवो. झाडं खरोखर मोजलेली असतील आणि मोजणी जशीच्या तशी लिहिलेली असेल, तर दोन्ही उत्तरं विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्याही कामाची आहेत आणि भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्याच्याही.